पाहुण्यांची शेगडी

धूर काढणं हा माझा धंदा आहे. मस्कतच्या वादी कबीर भागात आमचं वर्कशॉप आहे. तिथे हॉटेलांच्या भटारखान्यांवर लावायचे पत्र्याचे हूड, डक्ट आणि पंखे बनतात. कुठल्या कढईचा धूर किती वर जातो, कुठे थंड होऊन खाली बसतो, कुठल्या वळणाला काजळी धरते, हे मला या कामाने शिकवलं. मस्कतमधल्या कितीतरी आचाऱ्यांचे डोळे माझ्यामुळे कोरडे राहिले असतील. ही बढाई नाही. पुढे जे सांगायचं आहे, त्याच्यासाठी एवढं ठाऊक असायला हवं.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. ती गेल्यापासून मला नसलेल्या धुराचा वास येऊ लागला होता. साधासुधा धूर नव्हे. नारळाच्या ओल्या सोडणांचा, जड, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. इमारतीच्या लिफ्टमध्ये यायचा. काचा बंद केलेल्या गाडीत यायचा. एकदा मुलीच्या शाळेत पालकांच्या सभेत आला आणि मी उठून एकेक खिडकी हुंगत फिरलो. घरी आल्यावर मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, प्लीज, असं नका ना करू. सगळे बघत होते. तिथे काहीच स्मेल नव्हता."

घरात मी उदबत्ती बंद केली. गणपतीत धूप लावू दिला नाही, नुसत्या निरांजनावर आरती झाली. बायको पुण्याची, तिचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. ती म्हणाली, "लोकांच्या पिंपळावर भूत असतं, तुमच्या नाकात आहे. आता देवानेसुद्धा तुमच्या नाकाची परवानगी काढायची." मी हसलो. पण त्याच वेळी तो वास येत होता, आणि ती निरांजन ओवाळत होती तिथून तो येत नव्हता.

अशात एक दिवस अर्बाबाने मला केबिनमध्ये बोलावलं. अर्बाब म्हणजे आमच्या वर्कशॉपचा ओमानी मालक. वयाने माझ्याच एवढा. इतक्या वर्षांत आमच्यात नोकर-मालकाचं नातं कमी आणि रोज भांडून रोज चहा पिणाऱ्या दोन माणसांचं जास्त झालं आहे. तो हिंदी बोलतो, मीही हिंदी बोलतो, आणि दोघांचंही ऐकून माझी मुलगी कपाळावर हात मारते.

त्याचं गाव डोंगरावर. तिथे जाताना पायथ्याच्या पोलीस चौकीवर आधी गाडी फोर-व्हील आहे का ते बघतात आणि मगच वर सोडतात. मस्कतमध्ये बारा महिने एसीत झोपणाऱ्याला ओमानात थंडीने दात वाजतात हे सांगून पटत नाही. पण त्या गावात हिवाळ्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा असतो. तिथे त्याची आई एकटी राहायची. हज करून आलेल्या म्हातारीला इथे सगळे हज्जा म्हणतात, म्हणून आम्हीही तिला हज्जाच म्हणायचो. ती जन्मभर उघड्या चुलीवर शेकत आली होती. चूल म्हणजे तीन दगड, त्यावर किटली.

आता दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. गावाला लागून पर्यटकांसाठी घरं उठली आणि त्या सगळ्या भागात उघड्या धुराला बंदी आली. शेगडी चालेल, पण बंद दाराची, कमी धुराची. नळकांड्याच्या तोंडाशी धूर दिसता कामा नये. दुसरी गोष्ट म्हणजे हज्जाची छाती. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एक हिवाळा धुरात काढला तर तिला ऑक्सिजनच्या मशीनसकट मस्कतला, मुलाच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवावं लागेल. हज्जाला डोंगर सोडायचा नव्हता. घरामागे तिची डाळिंबाची झाडं होती, रोज सकाळी त्यांच्यात एक फेरी मारल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे. ती मुलाला म्हणाली होती, "फ्लॅटमध्ये ठेवलंस तर मी दिवसभर भिंतींशी बोलेन आणि ते तुलाच ऐकावं लागेल."

"तू धुएँ का आदमी है," अर्बाब मला म्हणाला. "मेरी माँ के लिए शेगडी तू पसंद कर."

पंधरा दिवस मी तेच केलं. कॅटलॉग मागवले, विकणाऱ्यांना फोनवर छळलं, शेवटी गोष्ट तीन शेगड्यांवर येऊन थांबली. एक भलीमोठी, दारावर नक्षी, राजवाड्यात शोभेल अशी. एक लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी. धूर तिचा सगळ्यांत कमी. पण तिला वीज लागते आणि त्या गोळ्या परदेशातून यायच्या. वीज गेली की हज्जा थंडीत. ती मी बाद केली. तिसरी होती छोटी, बिडाची, दाराला एकच काच, वरचा पृष्ठभाग सपाट, त्यावर एक किटली आणि एक पातेलं बसेल एवढा.

अर्बाबाने नक्षीवालीवर बोट ठेवलं. "ये. सबसे बडा."

मी म्हटलं, "नाही. छोटी."

"छोटा? मेहमान आएगा तो क्या बोलेगा? माँ को इतना छोटा दिया?"

मग मी त्याला माझं शास्त्र सांगायला लागलो. धूर म्हणजे दुसरं काही नाही, न जळलेलं लाकूड. चांगल्या शेगडीला हवेच्या दोन वाटा असतात. एक खालून, ती लाकूड पेटवते. दुसरी वरून तापून येते, ती निघालेला धूरच पेटवते. तीच गरम हवा काचेच्या आतल्या अंगावरून उतरते, म्हणून नीट चालणाऱ्या शेगडीची काच काळी होत नाही. पण हे सगळं आग रसरशीत असेल तरच. छोट्या खोलीत मोठी शेगडी ठेवली की खोलीची भट्टी होते, मग माणूस हवा कोंडतो, आग रुसून बसते, धुमसते आणि धूर ओकते. छोट्या शेगडीत चार लाकडं मोकळेपणी जळतात. "काच साफ, म्हणजे धूर साफ," मी म्हटलं. तो हो-नाही करत राहिला आणि माझा आवाज चढत गेला. बाहेर पत्रा कापणारी माणसं थांबून काचेतून बघायला लागली.

अर्बाबाने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "तेरी माँ भी खांसती थी?"

मी हो म्हटलं आणि कॅटलॉग मिटला. छोटी शेगडी ठरली.

माझी आई सिंधुदुर्गात, आमच्या गावात राहायची. वडील लवकर गेले. मी मस्कतला आलो, पहिल्या सुट्टीत परत गेलो तेव्हा आईला गॅस घेऊन दिला. दोन बर्नरची चकचकीत शेगडी, लाल सिलिंडर. जोडून झाल्यावर मी मोठ्या रुबाबात म्हटलं होतं, "आई, सगळ्यांत चांगली आणलीय. आता चुलीचं तोंड बघायचं नाही." आईने सिलिंडरला हळदकुंकू लावलं, शेगडीवरून हात फिरवला. पुढे दरवर्षी मे महिन्यात मी जायचो. गॅसवर मासळीचं तिखलं व्हायचं, घावणे व्हायचे, चहा तर दिवसातून सहा वेळा. स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र असायच्या. मी येणार म्हटल्यावर आई चुना काढायची. कधी धुराचा वास आला तर ती म्हणायची, "आंघोळीचा पाणी तापवलंय रे, मागीलदारी."

आईचा सिलिंडर वर्षभर पुरायचा. हे मी वर्कशॉपमध्ये कौतुकाने सांगत असे. आमची आई काटकसरी, एका सिलिंडरवर वर्ष काढते. ऐकणारे वाहवा करायचे. एकाने, त्याची बायको चिपळूणला असते, त्याने तिला फोन करून सुनावलंही होतं. मी धुराचा जाणकार. पण एका सिलिंडरवर वर्ष निघतं म्हणजे नेमकं काय होतं, हा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

फोनवर आई बोलता बोलता मध्येच थांबायची. एक लांब आवाज यायचा, फूऽऽ, मग पुन्हा बोलणं. मला वाटायचं नेटवर्क. इंटरनेटच्या फोनमध्ये असे आवाज येतातच. मग खोकला. "हवा बदलली रे," ती म्हणायची. दरवर्षी बाराही महिने तिची हवा बदलत होती.

ती गेली, बारावं-तेरावं झालं, आणि गॅसची जोडणी बंद करायची म्हणून मी सिलिंडर उचलायला गेलो. तो उचलेना. मागच्या मे महिन्यात निघताना मी नवा जोडून गेलो होतो, त्याला अकरा महिने झाले होते, आणि तो जवळपास भरलेला होता. शेगडीवर माझा एक जुना शर्ट पांघरलेला. शेजारची काकी दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"तू गेलंस काय त्याच दिवशी ग्यास बंद," काकी म्हणाली. "घासून पुसून ठेवी. मी कितीदा सांगितलंय. तर तुझी आई म्हणी, माझ्या झिलान हौशेन घेतलेली वस्तू. तो इलो काय पेटवूया. माझ्या एकट्या जीवाक कित्याक होयी?"

मागच्या खोपीत चूल होती, बाजूला नारळाची ओली सोडणं. वर चिमणी नाही, खिडकी नाही. फुंकणी भिंतीला टेकवून ठेवलेली, एका टोकाला आईच्या ओठांनी पितळ पिवळं राहिलेलं. तेव्हा मला फोनमधला तो आवाज कळला. ती एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने फुंकणी धरत होती, आणि मी तिकडून म्हणत होतो, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय.

तेव्हापासून तो वास माझ्या पाठीमागे आहे. कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही अर्धवटच.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही शेगडी डोंगरावर चढवली. मी आणि माझे दोन फिटर. नळकांडं एकही वळण न घेता सरळ छतातून वर काढलं, कारण वळणावर धूर थंड होतो आणि रेंगाळतो. वर वाऱ्याने हलू नये म्हणून अर्ध्या इंची पाइपाचे चार तिरके आधार दिले. शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार बंद केलं, पट्टी ओढली, निघाली नाही, म्हणजे दार घट्ट. लाकूड मी खालून आणलं होतं, समरचं, म्हणजे इथल्या बाभळीचं, दोन वर्षं वाळलेलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजायचे. एकदा पेटवून दाखवलं. फिटर अंगणात उभा राहून नळकांड्याकडे बघत होता. पहिली पाचेक मिनिटं थोडा धूर, मग निव्वळ थरथरणारी हवा. तो ओरडला, "सर, कुछ नहीं दिखता!" असा आनंद मला हूडच्या कामात कधी झाला नव्हता.

हज्जा ठेंगणी, वाळलेली, डोळे मात्र घारीचे. सगळं तिने ऐकून घेतलं. जाड लाकूड खाली, बारीक वर, काडी वरून लावायची, हवा आधी पूर्ण मोकळी. तिने ओढणीच्या टोकाने काच पुसली आणि मुलाला विचारलं, "हे माझ्यासाठी?"

"सगळ्यांत चांगली आणली आहे तुझ्यासाठी," अर्बाब म्हणाला.

माझं अरबी वर्कशॉपपुरतंच. पण मीही त्यात भर घातली. "हज्जा, हिच्यापेक्षा चांगली अख्ख्या ओमानात नाही."

निघताना राख काढून मी दुसऱ्या दिवसाची लाकडं आत रचून ठेवली. खाली दोन जाड, त्यावर आडवी दोन, वर काटक्यांची जाळी. फक्त काडी लावायची राहिली होती. उरलेले पाइपाचे तुकडे अंगणाच्या कोपऱ्यात टाकून आम्ही उतरलो.

त्या हिवाळ्यात अर्बाब शुक्रवारी वर जायचा. दुपारी पोचायचा, अंगणात उन्हात बसून आईबरोबर जेवायचा, आणि अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर अंधाराआधी उतरायचा. दिवसा शेगडीची गरज नसे. पण माझ्यासाठी तो न चुकता शेगडीचा फोटो काढून पाठवायचा. काच लख्ख. मी बोटांनी फोटो मोठा करून काचेचा कोपरान्‌कोपरा बघायचो. एकदा बायकोलाही दाखवला. "बघ, तीन आठवडे झाले, एक डाग नाही." ती म्हणाली, "आपल्या काचेच्या दारावर तीन तासांत बोटं उमटतात. त्या हज्जाला इकडे बोलवा." त्या दिवसांत मला वास येणं थोडं कमी झालं होतं, हे खरं आहे. एकदा बायकोने मुद्दाम उदबत्ती लावून पाहिली, मी खिडकी उघडायला उठलो नाही.

जानेवारीत अर्बाब केबिनमधून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. हज्जाचा खोकला वाढला होता. शिवाय पर्यटकांच्या घरवाल्यांची तक्रार आली होती की हज्जाच्या घरातून रोज सकाळी धूर निघतो. पुन्हा तक्रार आली तर तिला मस्कतला आणण्यावाचून इलाज नव्हता. फ्लॅटमधली एक खोली त्याने रिकामी करायला घेतली होती. मला तो एवढंच म्हणाला, "तू बोला था, काच साफ तो धुआँ साफ."

माझ्या कामात खोट निघाली होती आणि ती एका म्हातारीच्या छातीत जाऊन बसली होती. दाराच्या कडेची धूर अडवणारी दोरी सैल झाली असेल, नळकांड्यात पक्ष्याने घर केलं असेल, नंतर कुणी लाकूड ओलं दिलं असेल. ब्रश, दोरी, ओल मोजायचं यंत्र, सगळं गाडीत टाकून मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो.

गावात पोचलो तेव्हा ऊन नुकतं भिंतीवर आलं होतं. अंगणात कुणी नव्हतं. छतावरचं नळकांडं स्वच्छ, निळ्या आभाळात एकटं उभं. आणि वास येत होता. मी नेहमीसारखा स्वतःला म्हणालो, नाही, हा तुझ्या डोक्यात आहे. मग आवाज आला.

फूऽऽ.

मी जागेवर थिजलो. घरामागून पुन्हा आला, लांब, मध्ये तुटलेला, शेवटी खोकला. माझ्या खिशात फोन होता, तो मी वेड्यासारखा काढून पाहिला. कुठलाच कॉल नव्हता. खरंच सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की मागे गेलो तर आई दिसेल. भीती वाटली आणि जावंसंही वाटलं. दोन्हींतलं जास्त काय होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागे डाळिंबाच्या झाडांपलीकडे दगडी खोप होती. तिच्या दारातून धूर बाहेर येत होता, जमिनीलगत, आळसावलेला. आत हज्जा उकिडवी बसली होती. तीन दगड, काळी किटली, डाळिंबाच्या ओल्या फांद्या. तिच्या तोंडाला नळी होती. अर्ध्या इंची पाइपाचा तुकडा, हातभर लांब, एक टोक घासून गुळगुळीत केलेलं. तो मीच टाकून गेलो होतो.

मी घरात गेलो. शेगडीवर भरतकामाचं कापड पांघरलेलं होतं. त्यावर कॉफीची पितळी किटली आणि उपडे ठेवलेले छोटे कप. मी कापडाचं पुढचं टोक उचललं. काच लख्ख होती. काचेमागे माझी लाकडं होती, खाली दोन जाड, वर आडवी दोन, त्यावर काटक्यांची जाळी. मी रचून गेलो होतो तशीच. मी फोन काढून अर्बाबाचे सगळे फोटो पाहिले. कापड ती शुक्रवारी काढून ठेवत असणार, पण प्रत्येक फोटोत तीच लाकडं होती. मी प्रत्येक फोटोत काच पाहिली होती. गावच्या घरी पांढरी भिंत पाहिली होती, तशीच.

हज्जा दारात येऊन उभी राहिली. दम लागला होता, पण पाहुणा आला म्हणून खूश होती. मी शेगडीकडे बोट दाखवून विचारलं, "ही का नाही पेटवत?"

तिने मला समजेल असं, सावकाश सांगितलं. "मुलाने आणलेली वस्तू. सगळ्यांत चांगली. तो ईदला येईल, मुलं येतील, पाहुणे येतील, तेव्हा पेटवू. मी एकटी म्हातारी. माझ्यासाठी कशाला?"

मी तिथेच चटईवर बसलो. मला राग आला होता. हज्जाचा नाही. या सगळ्या बायकांचा, ज्या कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही किनाऱ्यावर, चांगलं ते झाकून ठेवतात आणि स्वतः धूर गिळतात. आणि आमचा, जे मोठ्या तोंडाने म्हणतो, सगळ्यांत चांगली आणली आहे. तिला समजवायला माझ्याकडे शास्त्र होतं, डॉक्टरचं भय होतं, तक्रारीचा कागद होता. काकीनेही आईला कितीदा समजावलं होतं. समजावून काही होत नाही, हे मला ठाऊक होतं.

मग मी खोटं बोललो.

"हज्जा, चूक झाली," मी म्हटलं. "अर्बाबाने तुला सांगितलं नाही? ही पाहुण्यांची नाही. ही साधी, रोजची. वर्कशॉपमध्ये चहाला ठेवतात तसली. पाहुण्यांची मोठी आहे. दारावर नक्षी आहे. ती जहाजाने यायची आहे."

तिने भुवया उंचावल्या. "मोठी?"

मी फोनवर कॅटलॉगमधली ती राजवाड्यातली शेगडी काढून दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग हसली. तिचा मुलगा आपल्या आईसाठी अशीच काही तरी आणणार, हे तिला मनातून पटलं असावं. आणि ते खोटंही नव्हतं, त्याला तीच आणायची होती. मग तिने त्या छोट्या शेगडीकडे पाहिलं. एवढ्यात तिची नजर बदलली होती. तिने कप उचलले, पितळी किटली उचलली, कापडाची घडी केली. "मग ही काय एवढी झाकून ठेवायची," असं काहीसं पुटपुटली.

तिने स्वतः काडी लावली, वरून. दार लावलं. मी छतावर चढलो, तिथेच फोनला नेटवर्क मिळतं. थोडा धूर आला, मग हवा थरथरायला लागली, मग काहीच नाही. मी अर्बाबाला फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं की ईदला आलास की तूही हेच बोलायचं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग घसा साफ करून म्हणाला, "खलास, ठीक है. बडा वाला आ रहा है. जहाज में है."

मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. आईला मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आई, ही साधीच आहे गं, रोजची. चांगली पुढच्या वर्षी आणतो. एका वाक्याचं खोटं. दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिलो असतो आणि ती रोज गॅसवर चहा करत जगली असती. ते मला सुचलं नाही, कारण मला तिच्याकडून कौतुक हवं होतं.

खाली आलो तेव्हा किटली शेगडीवर बसली होती आणि खोली ऊबदार झाली होती. हज्जा काचेसमोर पाय पसरून बसली होती. पाइपाचा तुकडा मी खोपीतून उचलून आणून गाडीत टाकला, तिच्या डोळ्यांदेखत. मला कॉफी दिली, खजूर दिले. श्वास अजून घरघरत होता, पण आता मध्ये खोकला नव्हता. ती ज्वाळांकडे बघत होती.

"तुझी आई आहे?" तिने विचारलं.

"गावाला," मी म्हटलं. गेली, असं म्हणता आलं नाही.

"थंडी असते?"

"नाही. पण चूल लागते."

"तू तर हेच काम करतोस," हज्जा म्हणाली. "तिला कुठली दिलीस? रोजची, की पाहुण्यांची?"

काच गरम झाली होती आणि लख्ख होती.

"पाहुण्यांची," मी म्हटलं.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थोपटलं. "चांगला मुलगा आहेस," ती म्हणाली, आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.